तरी कमी ४२

बाकवाल्यांच्या कारखान्यात त्या शनिवारी संध्याकाळी बारा पालक पहिलीच्या बाकांवर बसले होते. बसले म्हणण्यापेक्षा अडकले होते. बाकांना आदल्या दिवशीच पॉलिश झालं होतं, वास अजून गेला नव्हता, आणि टेकायला दुसरं काही नव्हतं. चष्म्याचं दुकान चालवणारे गृहस्थ, ज्यांना सगळे चष्मेवाले म्हणत, त्यांचे गुडघे हनुवटीपर्यंत आले होते.

“अहो, माणसाने बसायचं कसं यावर?” ते कुरकुरले.

“माणसाने बसायचंच नाही. सहा वर्षांच्या पोराने बसायचं,” बाकवाले म्हणाले, आणि सगळे हसले.

बोलले गमतीने, पण त्यांचा सगळा धंदा याच वाक्यावर उभा होता. शाळेचे बाक बनवायचे तर तीन मापांत, हा त्यांचा नियम. एका शाळेच्या हेडक्लार्कने सगळ्या वर्गांना एकाच मापाचे बाक मागितले, तेव्हा त्यांनी ती ऑर्डर सोडून दिली होती. “पाय जमिनीला टेकले नाहीत की पोर चुळबुळ करतं. मास्तर म्हणतात, पोर खोडकर आहे. खोडकर नसतं हो, बाक चुकलेला असतो!” हे ते येईल त्याला ऐकवत.

आजची बैठक मात्र बाकांची नव्हती. वस्तीतल्या मुलामुलींच्या फुटबॉल क्लबचे बाकवाले सचिव होते. प्रश्न आपल्या सगळ्यांच्या घरातला होता: शेजारच्याचं मूल पुढे गेलं, आपलं मागे राहिलं. पलीकडच्या क्लबची दहा वर्षांची मुलं पूर्ण मैदानावर, अकरा-अकरांचा खेळ खेळू लागली होती. मोठ्या गोलपोस्टखाली ओळीने उभं राहून काढलेला त्यांचा फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर येऊन गेला होता.

“आणि आपली पोरं अजून मैदानाच्या अर्ध्याहून लहान तुकड्यात सात-सात जण खेळतायत,” चष्मेवाले म्हणाले. “दोन वर्षं झाली, कोचबाई. हे संपणार कधी?”

कोचबाई दाराशी उभ्या होत्या. पन्नाशीच्या, एका गुडघ्याला कायमचा पट्टा. बाकावर बसलं तर उठता येणार नाही, असं त्यांनी आल्याआल्या सांगून टाकलं होतं.

“दहाव्या वर्षापर्यंत सात जण,” त्या म्हणाल्या. “मग दोनेक वर्षं नऊ. मैदान थोडं मोठं, गोलपोस्टही थोडा मोठा. तेराव्या वर्षाच्या आसपास अकरा जण आणि पूर्ण मैदान.”

“आसपास म्हणजे काय? एक तारीख सांगा.”

“तारीख नसते. पोरं बघून ठरवायचं. कोपऱ्यातून मारलेला चेंडू गोलपोस्टसमोर पोचतो का? गोलकीपरची किक मध्यरेषेच्या जवळपास जाते का? लांब पळून आल्यावर नीट पास द्यायला पोराकडे दम उरतो का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, पोरं स्वतःहून म्हणतात का, की बाई, जागा पुरत नाही? त्यांनी असं म्हटलं की मी स्वतः फक्की घेऊन मोठं मैदान आखून देईन.”

त्यांनी पिशवीतून वही काढली. “चष्मेवाले, तुमच्या मुलाचंच सांगते. परवा चाळीस मिनिटांच्या खेळात त्याचा पाय चेंडूला बावन्न वेळा लागला. मागच्या महिन्यात तुमच्याच आग्रहाने एकदा मोठ्या मैदानावर खेळवलं, तेव्हा नऊ वेळा. बाकी वेळ पोरगा नुसता पळत होता. फुटबॉल चेंडूशी खेळून येतो, मैदानाशी शर्यत लावून नाही.”

कुणीतरी खोकलं. चष्मेवाल्यांनी चष्मा काढून पुसला.

“बाकवाले, तुम्हाला मी काय सांगायचं?” कोचबाई वळल्या. “पहिलीच्या पोराला दहावीचा बाक देता का तुम्ही?”

सगळ्यांचे डोळे बाकवाल्यांकडे लागले. त्यांना उत्तर सुचलं, आणि तेच वाईट झालं.

“बाक वेगळा, खेळ वेगळा,” ते म्हणाले. “बाकावर बसून कुणी जिंकत नाही!”

टाळ्या पडल्या. कोचबाईंनी वही मिटली. मोठ्या मैदानाच्या बाजूने हात वर करायला सांगितलं तेव्हा दहा हात वर गेले आणि दोन मांडीवरच राहिले. तेरा वर्षांखालच्या स्पर्धेचा अर्ज बाकवाल्यांनी तिथेच, एका छोट्या बाकावर कागद टेकवून भरला.

“सामन्याला तुम्हाला जमणार नसेल तर राहू द्या,” जाताजाता ते कोचबाईंना म्हणाले. “टीम मी बघतो.”

बाकवाल्यांची मुलगी दहा वर्षांची. तिला सगळे टाचणी म्हणत. बारीक, ताठ, आणि एकदा जिथे उभी राहील तिथून न हलणारी. ती गोलकीपर होती. लहान गोलपोस्टमध्ये ती उभी राहिली की समोरच्या पोरांना चेंडू मारायला फट सापडत नसे. पलीकडच्या क्लबचे लोकसुद्धा म्हणत, ही पोरगी एक दिवस नाव काढणार.

सामन्याच्या सकाळी ती मोठ्या गोलपोस्टखाली जाऊन उभी राहिली, तेव्हा भल्यामोठ्या कपाटासमोर ठेवलेल्या स्टुलासारखी दिसली. बाकवाल्यांना ते दिसलं. माप हा त्यांच्या नजरेचा धर्मच होता. न दिसून कसं चालेल? पण त्यांनी मोबाइल काढला आणि फोटो घेतला.

पहिला गोल चौथ्या मिनिटाला झाला. किक काही जोरदार नव्हती. चेंडू तरंगत, जवळजवळ विचार करत आला. टाचणीने वेळेवर उडी मारली, हात पूर्ण ताणले, आणि चेंडू तिच्या बोटांच्या वरून निवांतपणे जाळीत पडला. समोर बारा-बारा वर्षांची मुलं होती. दुसऱ्या गोलानंतर त्यांच्यातला एक ओरडला, “वर मारा रे, नुसतं वर मारा!” त्यात दुष्टपणा नव्हता. त्यांना गणित येत होतं, इतकंच.

आपल्या बाजूची मुलं मध्यंतरापर्यंत धापा टाकू लागली. चष्मेवाल्यांचा मुलगा कडेच्या रेषेवर एकटाच पळत होता. चेंडू त्याच्याकडे फिरकतच नव्हता. कोचबाई न बोलावता आल्या होत्या. पाण्याच्या बाटल्या घेऊन त्या गोलपोस्टशेजारी उभ्या होत्या आणि प्रत्येक गोलानंतर टाचणीला काहीतरी हळू आवाजात सांगत होत्या.

मध्यंतरानंतर पालकांचा घोळका गोलपोस्टच्या मागे येऊन उभा राहिला. सहावा गोल झाला. बाकवाले ओरडले, “अगं, झोपलीस का? हात वर कर!”

“हात वर करते की शरण येते तुमची लेक?” चष्मेवाले म्हणाले.

घोळका हसला आणि बाकवाल्यांकडे बघू लागला. अर्ज कुणी भरला, हे सगळ्यांना ठाऊक होतं. अशा वेळी माणूस जवळ असेल ते पुढे करून स्वतःला झाकतो. बाकवाल्यांच्या जवळ त्यांची मुलगी होती.

“काय करणार!” ते मोठ्याने म्हणाले. “उंचीच नाही तिला. आईवर गेलीय!”

मध्ये फक्त जाळी होती. टाचणीने मान वळवून पाहिलं. रडली नाही, रागावली नाही. नुसतं पाहिलं आणि पुन्हा समोर तोंड केलं. त्यानंतर ती प्रत्येक चेंडूला उडी मारत राहिली, बाहेर जाणाऱ्या चेंडूलासुद्धा.

सामना अकरा-शून्य झाला.

घरी जेवताना टाचणीने आईला विचारलं, “आई, तू कितव्या वर्षी उंच झालीस?”

आई दवाखान्यात नर्स होती आणि त्या सकाळी तिची ड्युटी असल्याने सामन्याला गेलेली नव्हती. ती हसली. “मी कुठे उंच झाले गं? अजून वरच्या फळीवरचा डबा काढायला तुझ्या बाबांना हाक मारते.”

टाचणी हसली नाही. तिने मान डोलावली, एखादी वाईट बातमी पक्की झाल्यासारखी. आईने नवऱ्याकडे पाहिलं. नवरा पाण्याचा तांब्या भरायला उठला. तांब्या भरलेलाच होता.

पुढचा सामना दोन रविवारांनी होता. मधल्या दिवसांत टाचणी शाळा सुटल्यावर रोज कारखान्यात येऊ लागली. एका कोपऱ्यात काहीतरी खुडबुड करायची. बाकवाल्यांना बरं वाटलं. पोरगी सामना विसरली, असं त्यांनी ठरवून टाकलं.

गुरुवारी दुपारी पॉलिशकाका त्यांच्याजवळ आले. बाकांना पॉलिश करणारा हा म्हातारा कारागीर तीस वर्षं तिथे होता आणि कामाशिवाय बोलत नसे.

“मालक, लेकीला काय करून हवंय ते तुम्हीच करून द्या ना,” ते म्हणाले. “करवत वाकडी चालवते. बोट जाईल एखाद दिवशी.”

“काय करतेय ती?”

“मला सांगत नाही. भुशाच्या पोत्यामागे ठेवलंय बघा.”

पोत्यामागे एका जुन्या टॉवेलात गुंडाळलेले दोन ठोकळे होते. वेडेवाकडे कापलेले, पण दोन्ही एकाच उंचीचे. ते तिने काळजीने जमवलं होतं. बाजूंना आईच्या दवाखान्यातल्या लवचीक पट्टीचे तुकडे खिळ्यांनी ठोकलेले. बुटाखाली बांधायचे ठोकळे! एका ठोकळ्यात खिळा आरपार जाऊन वर टोक काढून बसला होता, नेमका पाय टेकणार तिथे.

टॉवेलात प्लायवुडचा एक तुकडाही होता. त्यावर कारखान्यातल्या जाड पेन्सिलीने लिहिलं होतं:

दांडा २४४
मी, हात वर १६८
कमी ७६
ठोकळे १०
उडी २४
तरी कमी ४२

शेवटच्या ओळीखाली दोन रेघा होत्या. माप पक्कं झालं की बाकवाले स्वतः अशाच दोन रेघा मारत.

ते तुकडा हातात धरून भुशातच खाली बसले. शरमेने त्यांचे कान तापले. समोर पॉलिशकाका होते, त्यांच्याकडे मान वर करून बघवेना. आयुष्यभर लोकांना ते सांगत आले होते, की पोर खोडकर नसतं, बाक चुकलेला असतो. आणि इथे त्यांच्या पोटच्या पोरीने गोलपोस्टचा वरचा आडवा दांडा मोजला, हात मोजला, उडी मोजली, सगळं अचूक मोजलं. पण कमी कुणाच्या नावावर लिहिलं? स्वतःच्या! कुणी शिकवलं तिला हे? बापाने! जाळीमागे उभं राहून, चारचौघांत, हसत हसत!

ते तडक मैदानावर गेले. कोचबाई लहान मैदानाच्या रेषांवर फक्की टाकत होत्या. बाकवाल्यांनी तुकडा पुढे केला. कोचबाईंनी हात झटकून तो वाचला, दोनदा वाचला आणि परत दिला.

“बाई, माझं चुकलं. मला माफ करा.”

“मला कशाला सांगताय?” कोचबाई म्हणाल्या. “अकरा गोल मी खाल्ले नाहीत. त्यातले आठ तिच्या हाताच्या वरून गेले. प्रत्येक वेळी मी तिला सांगत होते, तुझी उडी बरोबर होती. तिला पटत होतं. मग तुम्ही बोललात.”

“तुम्ही ऐकलंत?”

“सगळ्यांनी ऐकलं.”

बाकवाल्यांनी मान खाली घातली. पायाखालची पांढरी रेघ त्यांनी चपलेने विस्कटली होती, हे त्यांना आत्ता दिसलं.

“बाकवाले, एक समजून घ्या,” कोचबाईंचा आवाज थोडा निवळला. “मोठ्या मैदानाला माझा विरोध नाही. ही पोरं एक दिवस तिथेच खेळणार. पण लहान मैदान ही शिक्षा नाही, ते त्यांच्या मापाचं मैदान आहे. तिथे चेंडू हाताशी येतो, चूक सुधारता येते, जीव रमतो. त्याआधीच मोठ्यात ढकललं की पोर खेळ शिकत नाही. आपण कमी आहोत, एवढंच शिकतं. अशी किती पोरं खेळ सोडून गेलेली मी पाहिलीत! पाय चांगले होते हो त्यांचे. आपली घाई नडली.”

संध्याकाळी टाचणी कारखान्यात आली तर ठोकळे बाबांच्या टेबलावर. ती दारातच थांबली.

“बाबा, रागावू नकोस,” ती घाईने म्हणाली. “फेकायचंच लाकूड होतं. चांगलं नाही घेतलं.”

बाकवाल्यांनी तिला जवळ बोलावलं. “मी नाही रागावणार. तू रागव. तुझं माप बरोबर आहे गं. मी तुला चुकीच्या गोलपोस्टखाली उभं केलं. आणि वर सगळ्यांसमोर तुलाच हसलो.”

टाचणीने पायाच्या अंगठ्याने भुशात एक गोल काढला, मग पुसला. “मग रविवारी?”

“रविवारी आपण खेळणार नाही.”

“माझ्यामुळे?”

“नाही. माझ्यामुळे.”

“हे त्या सगळ्यांना सांगशील?” तिने विचारलं. “ते सगळ्यांसमोर बोलला होतास.”

बाकवाल्यांनी मान डोलावली. “सांगेन.”

शुक्रवारी बैठक झाली. पहिलीचे बाक शाळेत गेले होते. आता कारखान्यात दहावीचे होते. पालक ऐसपैस बसले. टाचणी आईशेजारी, पहिल्याच बाकावर.

बाकवाले उभे राहिले.

“अर्ज मी भरला होता, तो मीच मागे घेतोय. कोचबाई बरोबर होत्या. मला तेव्हाही कळत होतं; तीस वर्षं मी दुसरं काही केलेलंच नाही. पण पलीकडच्यांच्या फोटोपुढे माझी अक्कल चालेना. आणि हरल्यावर दोष घेताना लाज वाटली, म्हणून मी तो माझ्या मुलीच्या उंचीवर टाकला. तिच्या आईवरही टाकला. दोघींची मी माफी मागतो. इथे, तुमच्यासमोर.”

मग चष्मेवाले म्हणाले, “अहो, पण स्पर्धेतून माघार म्हणजे... लोक हसतील.”

“हसू देत. तेव्हा आपल्या पोरांवर हसले, आता आपल्यावर हसू देत.”

चष्मेवाल्यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि त्यांची नजर समोर गेली. दहावीच्या बाकावर बसलेल्या टाचणीचे पाय जमिनीपासून वीतभर वर लोंबकळत होते. ती ते हलवत होती, थांबवत होती, पुन्हा हलवत होती. त्यांच्या पाठोपाठ एकेकाने तिकडे पाहिलं.

“माझा मुलगा,” चष्मेवाले एकदम हळू आवाजात म्हणाले, “आठवडाभर सांगतोय, पोटात दुखतं, रविवारी नको. मी म्हटलं, नाटकं करतोस.” त्यांनी चष्मा काढला. या वेळी पुसला नाही, नुसता हातात धरला. “शरण यायची गोष्टही मीच काढली होती. टाचणी, माझंही चुकलं बरं का.”

त्या दिवशी हात वर करायला कुणी सांगितलं नाही. अर्ज मागे गेला. क्लबचा जुना गोलपोस्ट गंजून वाकला होता. बाकवाल्यांनी आणि पॉलिशकाकांनी चांगल्या लाकडाचा नवा बनवला. टाचणीने टेप लावून स्वतः माप घेतलं: दांडा १८३.

“कमी पंधरा,” ती म्हणाली. मग डोळे बारीक करून हिशेब केला. “उडी चोवीस. म्हणजे वर नऊ उरतात, बाबा!”

वाचकहो, आपण सगळे कुणा ना कुणा मुलाचे आईबाप, काका, मामी, शेजारी आहोत. मुलाने मोठ्या मैदानावर जाऊ नये, असं कोण म्हणेल? जावंच. पण ते त्याला लहान मैदान अपुरं पडू लागल्यावर. आपल्याला शेजाऱ्यांपुढे अपुरं वाटतंय म्हणून नव्हे. मूल जिथे पोचत नाही तिथे त्याला उभं करायचं आणि मग पोचत नाही म्हणून त्याला हसायचं, यासारखा अन्याय नाही. आणि हा अन्याय आपण बहुतेक वेळा प्रेमाच्या नावाखाली करतो, म्हणून तो दिसत नाही!

टाचणी आता नऊ जणांच्या खेळात गोलकीपर आहे. मोठं मैदान तिला अजून दोन वर्षं लांब आहे आणि त्याची घाई कुणालाच नाही. प्लायवुडचा तो तुकडा बाकवाल्यांनी टेबलासमोरच्या भिंतीवर ठोकला आहे. ऑर्डर द्यायला आलेली माणसं तो वाचतात आणि विचारतात, हे कुठल्या बाकाचं माप?

“बाकाचं नाही,” बाकवाले सांगतात. आणि मान वर न करता पुढे म्हणतात, “अक्षर माझ्या मुलीचं आहे. ते बेचाळीस मात्र माझे.”